मेलेल्यांची कार्डं

डॉक्टर, आज दुपारी तुमच्या मुलीचा जर्मनीहून फोन आला होता. तुम्ही बहरीनच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोळा केलेल्या गोष्टींचं ती पुस्तक काढतेय. म्हणाली, "दवाखान्याची रेकॉर्डं तुम्ही सांभाळायचात, म्हणून एक वाक्य वाचून दाखवते." ते वाक्य ऐकलं आणि मी कागद-पेन घेऊन बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी इथं नागपुरात नातवंडांत रमलेली बाई. पण पेशंटांची ती कार्डं मी काय समजून फेकली, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज तरी सांगायला हवं.

नव्वदनंतरची ती वर्षं. बहरीनमधल्या हूरा भागातला आपला दोन खोल्यांचा दवाखाना. सकाळपासून बाकं भरलेली, आणि आत तुम्ही कुणा म्हातारीचे गुडघे दाबत तिला विचारताय, "लहानपणी तुला कशाची भीती घालायचे?" झालं! गुडघे राहिले बाजूला, म्हातारीची गाडी सुटली. मला वाटायचं, या गोऱ्या माणसाला घरी कोणी बोलायला नाही की काय. तुम्ही कार्डाच्या पुढच्या बाजूला औषध लिहायचात. मागच्या बाजूला काय लिहायचात, मला ठाऊक नव्हतं. नाव आणि नंबर पुढं, म्हणून माझा संबंध पुढच्या बाजूशीच.

एक दिवस जिदहफ्स गावची एक म्हातारी अर्धा तास बोलत होती. भर दुपारी उन्हात भटकणाऱ्या पोरांना धरून नेणारी, गाढवाच्या पायांची बाई, तिची गोष्ट. बाहेर लोक माझ्या अंगावर यायला लागले. मी दार ढकललं आणि म्हातारीला म्हटलं, "खलास, हज्जिया, यल्ला!" म्हणजे पुरे आजी, चला आता. तुम्ही ताडकन उठलात. "बाहेर हो आधी! ही गेली की ही गोष्ट मला कोण सांगणार, तू?" दार सताड उघडं. सगळ्या बाकांनी ऐकलं, ड्रेसिंगवाली नर्स तर तोंडावर हात धरून हसली. डॉक्टर, 'बाहेर हो' हे माझ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या ऐकलंय, लोकांच्या विहिरीवर, लोकांच्या ओट्यावर. मला ते ऐकावं लागू नये म्हणून तर बापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. तुम्हाला हे कुठून माहीत असणार? तुम्ही अख्ख्या बेटाला विचारलंत, मला कधी विचारलं नाहीत.

थोड्या महिन्यांत ती म्हातारी गेली. तुम्ही लिव्हवर जर्मनीला होतात. कॉम्प्युटर येणार होता, म्हणून मॅनेजरनं सांगितलं, मेलेल्यांची कार्डं काढून टाका, जागा करा. मी खोकी भरायला बसले. तिचं कार्ड हाताला लागलं आणि का कुणास ठाऊक, मी ते उलटून पाहिलं. मागची बाजू मुंगीएवढ्या अक्षरांनी गच्च भरलेली, कोपऱ्यात पेनानं काढलेला गाढवाचा खूर. दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. सगळी तशीच. मला जर्मन येत नाही, पण एवढं समजायला जर्मन कशाला लागतं? तुम्हाला फोन करायला हवा होता. मी मनाशी म्हटलं, बघू आता कोण कोणाला बाहेर काढतं, आणि खोकी कचऱ्याच्या गाडीत घालायला लावली.

तुम्ही परत आलात, ड्रॉवर ओढलात आणि रिकाम्या ड्रॉवरमध्ये हातानं चाचपत राहिलात. मी आधीच जुळवून ठेवलेलं बोलून टाकलं, "मेलेल्यांची कार्डं काढायला मॅनेजरनं सांगितलं होतं." तुम्ही ओरडला असतात तर मीही भांडले असते, फिट्टंफाट झाली असती. तुम्ही खुर्चीत बसलात. म्हणालात, "चूक माझी. मागची बाजू मी तुला कधी दाखवलीच नाही." वर त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल माफी मागितलीत. बाप्पा! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी रडायला लागले, आणि तुम्हाला वाटलं, बिचारी चुकून झालेल्याचं रडतेय. माझ्यासाठी चहा मागवलात.

मग सुटीचे कित्येक शुक्रवार, त्या गोष्टी पुन्हा मिळतात का पाहायला, आपण मेलेल्यांच्या घरी हिंडलो. तुम्ही गाडी चालवताय, मी वही धरून बाजूला. जिदहफ्सच्या म्हातारीची लेक दारातच सांगते, "आई सांगायची खरं, आम्ही कुठं लक्ष दिलं?" तिला गाढवाचे पाय आठवतात, पुढचं काही नाही. तुम्ही तेवढंच लिहून घेता आणि गाडीत बसल्यावर मला म्हणता, "बघ, थोडी तरी मिळाली." तेव्हा सांगायला मला काय धाड भरली होती? जाताना ठरवायचे, येताना सांगू. येताना तुम्ही खुशीत असायचात.

तुमच्या मुलीनं वाचलेलं वाक्य असं होतं: वडिलांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जुन्या माणसांच्या गोष्टींची खोकीच्या खोकी नष्ट झाली. वाचून म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत होते. बरोबर आहे ना हे?" मी म्हणाले, "हो, बरोबर आहे." तिनं थँक्यू म्हणून फोन ठेवला. पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही. तिचा नंबर समोर आहे, तिला इंग्रजी येतं, मलाही कामापुरतं येतं, चार ओळी सहज लिहिता आल्या असत्या. तरी मी हे मराठीत लिहीत बसले, डॉक्टर. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि तिलाही येत नाही, म्हणूनच.