बोल्टखालचा रंग

अप्पा, गाडीतला दोष परवा सापडला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी फार उशिराची आहे हे मला कळतं. तरी ती तुम्हालाच सांगायला हवी. तिच्यात दोष आहे असं म्हणणारे तुम्ही एकटेच होतात.

निवृत्त झाल्यावर मी अलिबागचं घर आवरून श्रीवर्धनला तुमच्या घरी राहायला आले आणि शेडमधली तुमची गाडी नवी बॅटरी घालून बाहेर काढली. थोडे दिवस ती नीट चालली. मग एकदा बाजाराच्या वळणावर वेग कमी केला आणि ती गेली. आवाज नाही, गचका नाही. समोरचे दिवे, हॉर्न, इंजिन, सगळं एकदम. मी उतरले, बॉनेट उघडून आपटलं, चावी फिरवली, तर काही घडलंच नाही अशी सुरू. असं तीनदा झालं. गॅरेजात नेली की मात्र शहाण्यासारखी वागायची. मुलाला पनवेलला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, तू क्लच पटकन सोडत असशील. या वयात होतं असं. चावी शेजारी देऊन ठेव, रविवारी येऊन मी गाडी विकायचं बघतो." मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ते वाक्य त्याचं नव्हतंच. याच जागी उभं राहून मी ते तुम्हाला म्हटलं होतं.

बारा वर्षांपूर्वीचा तो शनिवार आहे. मी सकाळच्या एसटीने आले आहे आणि चपला काढतानाच ठरवून टाकलं आहे. तुम्ही भर रस्त्यात गाडी उभी करून बॉनेट आपटत होतात, असं शेजाऱ्यांनी मला फोनवर सांगितलंय. माणगावच्या मेकॅनिकने तीनदा तपासून गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलंय, आणि मला बाजूला घेऊन, वयाचं असेल हो, असंही. तुम्ही चहा बशीत ओतत आहात. मी दाराआडच्या खिळ्यावरची चावी काढून पर्समध्ये टाकते.

"गाडी आपोआप बंद पडते," तुम्ही म्हणता.

"आपोआप काही होत नाही, अप्पा. या वयात होतं असं."

"बंद पडताना तू पाहिलीस का?"

"मला पाहायची गरज नाही."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. चहावर साय धरली तरी उचलली नाहीत. ज्या माणसाने पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं त्याला मी हे ऐकवलं. आठवीत मी न घेतलेलं तापमान प्रयोगवहीत भरलं होतं, तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गासमोर ते पान फाडलं होतंत. "पाहिलेलं लिही. वाटलेलं लिहू नकोस." घरी आल्यावरही त्याबद्दल एक शब्द मऊ बोलला नाहीत. पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा तेच वाक्य मी मुलांना तीस वर्षं सुनावत आले. मला ते शोभत होतं असं मला वाटायचं.

मुलाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी नाक्यावरच्या वायरमनकडे नेली. तुमचाच विद्यार्थी, आता केस पिकलेले. मला बघून म्हणाला, "या ताई. सरांनी मला आठवीत दोन वर्षं बसवला व्हता, विजेच्या धड्यात. आता त्याच विजेवर पोट हाय बघा." मग गाडीकडे बघत म्हणाला, "कधीमधी येणारा फॉल्ट म्हंजी पाव्हणा. आपण वाट बघत बसलो की येत न्हाय. कुठं बंद पडते, कवा पडते, काय लिवून ठेवलंय का?"

मी काहीच लिहिलेलं नव्हतं. पण डिकीत, जॅकच्या खाली, तुमच्या कॅलेंडरच्या पानांची सुतळीने बांधलेली गुंडाळी होती. ती मी तेव्हाही पाहिली होती. म्हातारा माणूस कॅलेंडरच्या पाठी भरत बसतो, हाच मी तुमच्या वयाचा पुरावा धरला होता. वायरमनने ती सोडली, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला लागला. "देवळाजवळ. वेग कमी केल्यावर सगळं बंद. बॉनेट आपटल्यावर चालू. काल धुतली होती." पुढची नोंद मच्छीबाजाराजवळची. "वेग कमी केल्यावर सगळं बंद. बॉनेट आपटल्यावर चालू. काल धुतली होती." अशा वीसेक. एकाही ओळीत तक्रार नाही, माझं नावही नाही. वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला. "ताई, सरांनी गणित सोडवून ठेवलंय की. निस्तं उत्तर लिवायचं ऱ्हायलंय."

मग त्याने मला समजावलं, तुम्ही मला समजावलं असतंत तसंच. वेग कमी झाला की डायनॅमो पुरेशी वीज देत नाही आणि गाडी एकट्या बॅटरीवर येते. धुतल्यावर बंद पडते, म्हणजे पाणी शिरतं अशी जागा. आपटल्यावर चालू होते, म्हणजे ती जागा बॉनेटच्या आसपास. मला आत बसवून त्याने दिवे लावायला सांगितले. बॅटरीची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते, तिथे तांब्याभर पाणी ओतलं आणि पान्याच्या दांड्याने ती वायर हलवली. दिवे गेले. पुन्हा हलवली. दिवे आले. तुम्ही मला विचारलं होतंत तेच मी आता बघत होते.

बोल्ट काढला तर खाली क्रीम रंगाचा गोल आणि त्याच्या कडेने गंज. "कलर मारताना वायर काढली आन् परत कलरवरच बोल्ट आवळला. रंगातनं वीज जाते व्हय? कडेकडेनं जात व्हती थोडी. खाऱ्या हवेनं तेपण खाल्लं. कुणाकडनं मारून घेतला ह्यो कलर?"

"मीच घेतला," मी म्हणाले.

तुमच्या पंचाहत्तरीला मी गाडी अलिबागला नेऊन रंगवून आणली होती. तुम्हाला जुना निळा आवडायचा, पण मला क्रीम नीटस वाटला. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, म्हणालात, "छान आहे," आणि तेव्हापासून दर शुक्रवारी ती विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायला लागलात, कारण शनिवारी मी यायची. समुद्राकाठी रंग टिकत नाही म्हणून बॉनेटच्या आतूनसुद्धा धुवायचात. चावी घेतल्यावरही तुम्ही ते थांबवलं नाहीत.

त्याने काचकागदाने घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, वर ग्रीस चोपडलं. दहा मिनिटं लागली. "आज सरांनी पास केला असता मला," तो म्हणाला. रात्री मुलाचा फोन आला. "म्हणजे तुझंच खरं होतं. सॉरी, आई." माझी चावी खिळ्यावर राहिली. तुम्ही त्या शनिवारनंतर चौदा महिने होतात. ओटीवरच्या खुर्चीत बसायचात, आणि कोपऱ्यावर एखादी गाडी मंदावली की मान वर करून ऐकायचात.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुमच्या पानांबरोबर सुतळीत बांधून डिकीत ठेवते आहे. फक्त तुमची यादी अपुरी आहे, ती पुरी करायला हवी. चावी घेतल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी मी तुमची औषधं आणायला बोर्लीला गेले होते. परत आल्यावर तुम्ही ओटीवरून विचारलंत, "कशी चालली?" मी म्हणाले, "उत्तम." एकदा दिलेले गुण मी कधीच बदलत नसे. आज तुमच्या शेवटच्या नोंदीखाली मी तुमच्याच पद्धतीने लिहिलं आहे: बोर्लीहून येताना, चढाआधीचं वळण. वेग कमी केल्यावर सगळं बंद. बॉनेट आपटल्यावर चालू. काल धुतली होती. गाडी मी चालवत होते.