उतू गेलेली आंबील आणि मोडलेला अबोला

जळकोट, सोमवार

प्रिय मेहुणे दयानंदराव यांस जळकोटहून हणमंतरावाचा सप्रेम रामराम.

इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली, विशेषतः तुमच्या अक्कांची, सविस्तर कळवावी. गुडघ्याला तेल लावतात का? (मी विचारलं म्हणून सांगू नका.) फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून भाकरी थापायची रीत आहे आणि माझ्या घरच्या गोष्टी अख्ख्या मुदखेडनं ऐकाव्यात असं मला वाटत नाही. तर पहिल्यांदा आनंदाची बातमी: मी जिंकलो! आमच्या घरातला अबोला मोडला. सिद्धेश्वर आणि सूनबाई बोलायला लागले, आणि तेही माझ्या मानसशास्त्रामुळं. 'या माणसानं घराची शाळा केली' असं म्हणून तुमच्या अक्का तिकडे आल्या ना? त्यांना हे पत्र जरा मोठ्यानं वाचून दाखवा.

अबोल्याचं कारण तुम्हाला अर्धंच ठाऊक असेल. आमच्या चिरंजीवांची कंधारला बदली झाली. ही बातमी त्यानं आधी आईला सांगितली आणि बायकोला ती शेजारच्या शिवकांताबाईंकडून कळली, तीसुद्धा नळावर, चार बायकांत. ऋतुजा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं तोंड बंद केलं. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणं मी आणि तुमच्या अक्का टपाल वाहायला लागलो. 'मामा, त्यांना सांगा डबा भरलाय.' 'अण्णा, तिला सांगा मला भूक न्हाई.' दोघं एकाच खोलीत, आणि मध्ये मी, निरोप घेऊन उभा.

अशात लातूरला आमच्या पेन्शनर मंडळाचं कौटुंबिक शिबिर झालं. (तिथं पुरणपोळी होती हे तुमच्या अक्का मुद्दाम सांगतील. मी व्याख्यानासाठीच गेलो होतो.) व्याख्यात्या बाईंनी मोलाच्या गोष्टी सांगितल्या. नवराबायकोमध्ये तिसऱ्यानं निरोप्या होऊ नये. त्याचा त्रिकोण होतो आणि मग ती दोघं कधी समोरासमोर येतच नाहीत. शिवाय, माणूस बोलला की लगेच उत्तर देऊ नये, त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवावं, म्हणजे आपलं कुणीतरी ऐकलं असं त्याला वाटतं. आणखीही एक गोष्ट होती, पण तेवढ्यात पंगत बसली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. सूनबाई म्हणाली, 'मामा, त्यांना सांगा डबा भरलाय.' मी शांतपणे म्हणालो, 'तुला असं वाटतंय की डबा भरलाय.' ती माझ्याकडे बघतच राहिली. डबा ओट्यावर राहिला आणि सिद्धेश्वर उपाशी कंधारला गेला. (शास्त्राचा सुरुवातीला थोडा त्रास होतोच.) मग तुमच्या अक्का म्हणाल्या, 'अवो, दळण आणा.' मी म्हणालो, 'तुला असं वाटतंय की दळण आणायला हवं.' 'वाटत न्हाई, पीठ सरलंय!' 'पीठ सरल्याचा तुला राग आलाय.' 'पिठाचा न्हाई, तुमचा आलाय!' दयानंदराव, इतकं मोकळं बोलणं आमच्यात लग्नापासून झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की दळण राहूनच गेलं.

हे आठवडाभर चाललं. मग एका सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'मला असं वाटून राहिलंय की मी मुदखेडला चालले.' आणि मी म्हणालो, 'तुला असं वाटतंय की तू मुदखेडला चाललीस.' इथं दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं हे एसटी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यात येळवशीची अमावस्या तोंडावर. तुमच्या मुदखेडकडे तिचं आमच्याइतकं कौतुक नसेल, पण आमच्याकडे त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत जोडीनं पूजा करायची, शिवारात आंबील शिंपडायची, येईल त्याला जेवू घालायचं. आंबील तुमच्या अक्कांच्याच हातची. मी ठरवलं, यंदा आपण करून दाखवू, आधी एक तालीम घेऊ. ज्वारीचं पीठ, ताक, मीठ, आलं, लसूण, सगळं बघून पाठ होतं. मडकं काही सापडेना, म्हणून दुधाच्या किटलीत कालवलं, सांडू नये म्हणून झाकण ठोकून बसवलं आणि किटली आंबायला चुलीच्या उबेशेजारी ठेवली. (मडक्याला नुसतं फडकं का बांधतात, हे आता मला कुणीही विचारावं.)

परवा सकाळी शिवकांताबाई 'काय चाललंय' म्हणून आत डोकावल्या आणि त्याच क्षणी झाकण उडालं. आंबील छताला, शिवकांताबाईंच्या नव्या लुगड्याला आणि माझ्या चष्म्याला. सिद्धेश्वर खोलीतून धावला, ऋतुजा अंगणातून. निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं. मी तर डोळे मिटून उभा. 'अवो, आधी मामांना धरा, घसरतील!' 'मी धरतो, तू पाणी आण!' मग आपण बोललो हे दोघांच्या लक्षात आलं. आणि मग अशी हसली, अशी हसली, की शिवकांताबाई रागानं निघून गेल्या.

फरशी पुसता पुसता खरं भांडण सुरू झालं. 'मला शेजारणीकडून कळावं का?' 'चुकलं माझं. तू रडशील असं वाटलं.' 'मंग रडू द्यायचं व्हतं की! तुमच्यापाशी न्हाई तर कुणापाशी रडू?' दुपारपर्यंत दोघं भांडत होते. मी चहासुद्धा मागितला नाही, उगीच त्रिकोण व्हायला नको म्हणून. आता दोघं रात्रंदिवस बोलतात, बहुतेक माझ्याविषयीच, पण बोलतात. विजय तो विजय.

मुलाबाळांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो येळवशीपर्यंत टिकवावा.

तुमचा दाजी,
हणमंतराव

ता.क. आंबिलीला ताक किती घालायचं ते अक्कांना विचारून कळवा. सूनबाई विचारतेय.

ता.क. सूनबाईला येते आंबील. मीच विचारतोय.

ता.क. शिबिरातली राहिलेली गोष्ट काल आमच्या मंडळातल्या शेषेरावांकडून कळली. ते पंगतीला उशिरा बसले होते. दुसऱ्याचं म्हणणं ऐकवून झालं की आपल्याही मनातलं एक सरळ सांगायचं असतं म्हणे. तेव्हा इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका. कागद अक्कांच्या हातात द्या आणि बाहेर जा.

केवळा, मला तुझ्यावाचून करमत नाही. दळण आणून ठेवलंय.