सायलीचे फोटो झटक्यात येतात

मारुंजी, रविवार संध्याकाळ

सकाळी फोनवर आई पुन्हा म्हणाली, "सायलीच्या ब्लॉगवरचे फोटो कसे झटक्यात येतेत! तुझ्या ब्लॉगवर नुसतं चाक गोल फिरतंय."

सायली माझी रूममेट. आई माझी आणि कौतुक तिचं? ते गोल फिरणं डोक्यातून जाईना. जळफळत शेवटी सायलीलाच विचारलं.

"अगं, प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या प्रती करून ठेव. बघणाऱ्याचा फोन आपल्या मापाची उचलतो, मग फोटो लगेच येतो."

एवढंच? आणि मला सुचू नये? दुपारभर बसून सगळ्या फोटोंच्या प्रती केल्या. मग आईला ब्लॉग उघडायला लावला आणि कौतुकाची वाट बघत बसले.

आई म्हणाली, "आला गं फोटो. किती वाळलीस! जेवतीस का न्हाई?"

हे तिने सायलीबद्दल कधीच विचारलेलं नाही.