भोंग्यावरची चिकटपट्टी

दाजी,

काल ताई म्हणाली, "तू होतास म्हणून हे वेळेवर दवाखान्यात पोचले." तुम्हीही हसून म्हणालात, "मेव्हण्या, उरलेला पाय तुझ्या फोर्कलिफ्टपासून लांब ठेवतो हं!"

फोर्कलिफ्ट मागे घेताना वाजणारा भोंगा दिवसभर डोकं उठवतो, म्हणून मी त्याच्यावर चिकटपट्टी लावली होती. तुमचा पाय चाकाखाली आला तेव्हा मी आधी ती पट्टी काढली, मग तुम्हाला उचललं. कंपनीच्या चौकशीत सांगितलं, "भोंगा वाजत होता, यांचंच लक्ष नव्हतं."

तुम्ही ते खरं मानलंत. परवा मलाच विचारलंत, "मला कमी ऐकू येतं का रे?"

उद्या कानाच्या डॉक्टरकडे तुम्हाला मीच घेऊन जाणार आहे. हे पत्र घरीच राहील.

तोंड दाखवायला लाज वाटणारा,
तुमचा मेव्हणा