मुंग्यांचा कौल

६ जानेवारी
नाक बंद. घसा खरखरीत, अंगात कसकस. हरमटानचा धुळीचा वारा सुटला की आवारात एक तरी शिंकतंच. यंदा पाळी माझी — आणि नेमकी मांडीवर तान्ही! काचाना अजून महिन्याचीही नाही. तिच्याकडे तोंड करून श्वास घ्यायचीही भीती वाटते. नवरा, अदुको, तिकडे दूर कुमासी शहरात, बांधकामावर. फोनवर म्हणाला, आईला विचार. त्याच्या आईला बोलतं करून दाखव म्हणावं! सासूबाई दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन शेळ्यांशी.

७ जानेवारी
सायकलवरून औषधं विकणारा आला होता. नाक सुकवणाऱ्या लाल गोळ्या घेतल्या, आणि बामची डबी. बाळंतिणीला चालतं का, विचारलं. सगळ्यांना चालतं म्हणाला. बाम छातीभर चोळला. नाक मोकळं! हवा इतकी गोड असते हे विसरलेच होते.

९ जानेवारी
नाक कोरडं ठाक — आणि छातीही. काचाना ओढते, ओढते, मग तोंड फिरवून रडते. गोळ्या खातेच आहे, निदान सर्दी तरी जावी म्हणून.

थोरल्या आजींनी लगेच कारण शोधलं. या अदुकोच्या आजी. आवारातल्या सगळ्या बायकांवर त्यांचंच राज्य. म्हणाल्या, "पहिलटकरणीचं दूध आधी मुंग्यांना दाखवायचं असतं. तू दवाखान्यात बाळंत झालीस, तिथेच पाजलंस. आता भोग." तेव्हा उद्या मुंग्या. दुधातून चालत बाहेर आल्या तर दूध गोड. मेल्या तर कडू. मग मला पाल्याचा काढा, आणि दूध शुद्ध झालं असं आजी म्हणेपर्यंत लेकीला नुसतं पाल्याचं पाणी.

एवढीशी ती. पाण्यावर कशी जगायची?

१० जानेवारी
मेल्या.

सकाळी खोकल्याने जीव नको केला म्हणून पुन्हा बाम चोळला होता. आजींनी भोपळ्याच्या वाटीत जेमतेम काही थेंब पिळून घेतले, कणगीखालच्या मुंग्या त्यात सोडल्या. थोडे पाय झाडले त्यांनी, मग गप्प. आजींनी काचानाला माझ्या मांडीवरून उचललं. ती रडायला लागली आणि माझं तोंड सुटलं. सगळ्या आवारासमोर ओरडले — बाम! छातीला बाम लावलाय मी, तोच उतरलाय दुधात, त्यानेच मेल्या त्या! आजी म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं.

सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. हातातलं सूप पडलं, शेंगा सांडल्या, तरी वाकल्या नाहीत. माझ्या बाजूने एक शब्द नाही! फार राग आला त्यांचा. ही बाई माणूस आहे की खांब?

११ जानेवारी
कालचं शेवटचं वाक्य मागे घेते. सात वेळा मागे घेते.

उजाडता उजाडता सासूबाई आल्या. छातीशी काचाना, रात्री आजींनी त्यांच्याच स्वाधीन केलेली, हातात गरम पाण्याची बादली. साबण लावून माझी छाती त्यांनीच धुतली, लहान पोरीला न्हाऊ घालावं तशी. मग म्हणाल्या, "पाज. मी दारात बसते." आमच्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसल्या. कुणी इकडे फिरकलं की शेळीच्या नावाने शिव्या, म्हणजे मला इशारा. ती मुकी बिचारी शेळी तिकडे खुंट्याला बांधलेली! दूध थोडंच होतं, पण लेकीने तोंड फिरवलं नाही. आम्ही दोघी रडलो, एक भुकेने, एक आनंदाने.

मग चारा आणायचं निमित्त करून मला दवाखान्यात नेलं. बिबियाना सिस्टरने गोळ्यांचं पाकीट पाहून कपाळाला हात लावला. नाक सुकवते ती गोळी दूधही आटवते म्हणे. ती आजपासून बंद. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि बाजरीची पेज, पाणी भरपूर. बाम छातीला नकोच. तान्ह्याचा श्वास अडकू शकतो. आणि पाजणं?

"ते सोडूच नकोस. सर्दी तुझ्या शिंकेतून जाते, दुधातून नाही. दुधातून तिला सर्दीशी लढायचं बळ मिळतं. हात धू, तोंडाला फडकं बांध आणि पाजत राहा. जेवढं ओढेल तेवढं येईल."

बाळ धापा टाकायला लागलं किंवा प्यायचंच थांबलं तर मात्र धावत या, हेही सांगितलं. सासूबाईंनी सगळं दोनदा वदवून घेतलं. एवढं विचारताना त्यांना प्रथमच पाहिलं.

१२ जानेवारी
चोरून पाजणं. शेळीला शिव्या. दूध थोडं वाढलंय का? वाटतं तरी.

१४ जानेवारी
आलं! झोपेतून उठले तर ब्लाउज भिजलेला! काचाना पिऊन पिऊन मांडीवरच ढेकर देऊन झोपली. माझं नाक अजून गळतंय. गळू दे खुशाल.

१५ जानेवारी
सासूबाई आपण होऊन आजींना म्हणाल्या, पुन्हा लावा मुंग्या. त्याआधी मला कडकडीत पाण्याने धुतलं होतं, ते आम्हा दोघींतच राहिलं. मुंग्या थेंबाच्या काठाशी जमल्या, प्यायल्या आणि आपल्या वाटेने गेल्या. आजी ऐटीत म्हणाल्या, बघ, माझ्या पाल्याने गुण दिला! तो काढा रोज उकिरड्यावर ओतलाय मी. श्रेय त्यांना लखलाभ. वर माझ्यासाठी गिनी कोंबडी कापली त्यांनी, नातवाची बायको खंगली म्हणून. रस्सा मिरचीने असा जळजळीत, की नाक त्यानेच साफ झालं. त्या दुष्ट नाहीत. मुंग्यांवर विश्वास आहे त्यांचा, एवढंच. देवाचे आभार, आजींचे आभार, आणि सासूबाईंचे — ते कसे मानायचे ते कळत नाही.

१७ जानेवारी
सासूबाईंनी आज शेताच्या कडेला नेलं. तिथे एक पालथं मडकं, निम्मं मातीत गेलेलं. म्हणाल्या, "अदुकोच्या आधीची माझी लेक इथे आहे. मुंग्या मेल्या होत्या. मी ऐकलं सगळ्यांचं."

मडक्यावरची धूळ हाताने पुसत म्हणाल्या, "तेव्हा खोकला होता मला. छातीला कडुनिंब वाटून लावला होता. तू ओरडलीस ना, तेव्हा कळलं."

काचाना त्यांच्या मांडीवर झोपली होती. घरी येईपर्यंत मी तिला परत मागितलं नाही.