फोन करणाऱ्या व्यक्तीची ओळख पटल्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, लातूर.

विषय : शाळेच्या व्हॅनचे चालक श्री. गुरुपादप्पा यांच्या परवान्याबाबत व गाडी चालू असताना त्यांना फोन करणाऱ्यांवर बंधन घालण्याबाबत.

संदर्भ : माझाच दि. १९ ऑगस्ट २०१९ चा तक्रार अर्ज.

महोदय,

अर्जदार मी, सौ. मालविका यज्ञेश मुरुडकर, राहणार औसा रोड, लातूर. संदर्भातील अर्जावरून गुरुपादप्पा यांना, परवाना निलंबित का करू नये, अशी नोटीस निघाली असून सुनावणी ६ सप्टेंबरला आहे. त्याआधी हा अर्ज वाचला जावा, एवढ्यासाठी घाईने लिहीत आहे.

१. माझी मुलगी मनस्विनी पाचवीत शिकते. पाचवी म्हणजे लातुरात उशीरच झाला, असे क्लासच्या सरांनी तोंडावर सांगितल्यामुळे आम्ही तिला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची पायाभरणी करून घेणाऱ्या फाउंडेशन क्लासला घातले. शाळेतून सायंकाळी ५.१० ला अकरा मुले घेऊन व्हॅन क्लासेसच्या भागात, ट्यूशन एरियात, जात असे. दि. १४ ऑगस्टला ५.३१ वाजता ती दुभाजकावर चढली. पुढे बसलेल्या वीरेशचा हात मोडला. बाकी लेकरांचे खरचटण्यावर निभावले.

२. मागील अर्जात मी, "चालक कोणा अनोळखी व्यक्तीशी फोनवर बोलत होता," असे लिहिले. त्यात दुरुस्ती करावी. ती व्यक्ती अनोळखी नव्हती. ती मी होते. "कुठवर आलात?" एवढेच विचारले. "आलोच ताई, पोरगी मागं बसलीया, खिडकीपा—" इथवर ते बोलले आणि मग आवाज झाला. लेकरांचे ओरडणे मी कानाने ऐकले आहे. तरी पाच दिवसांनी अर्ज लिहिताना 'अनोळखी' हा शब्द हातून गेला. हातून गेला म्हणणेही खरे नाही. दोन शब्द खोडून, विचार करून तो लिहिला.

३. गुरुपादप्पांना ही सवय मुळात नव्हती, हेही नमूद करते. जूनमध्ये ते फोन गाडीच्या खणात ठेवत. "चालू गाडीत मी फोन घेत न्हाई ताई, पोरं उतरली की सांगतो," हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यावर आम्ही अकरा आयांनी माझ्या घरी बैठक घेतली. नियम मी सुचवले आणि अक्षर बरे म्हणून कागदही मीच लिहिला : फोन तीन रिंगच्या आत उचलावा; मूल उतरताच त्याच्या आईला कळवावे; दोनदा फोन न उचलल्यास व्हॅन बदलण्यात येईल. वीरेशची आई वर्षाराणी तेव्हा म्हणाली होती, "अगं, अकरा जणी फोन करणार, मग त्या माणसानं स्टेअरिंग काय पायानं धरायचं?" सगळ्या हसलो. हसत हसत तिनेही सही केली. दुसऱ्या दिवशी तो कागद व्हॅनच्या काचेला, त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा, मी स्वतः चिकटवला. आता वर्षाराणी मला काही बोलत नाही. दवाखान्यात फक्त एवढेच म्हणाली, "सही मीबी केली होती ना." ती भांडली असती तर बरे झाले असते.

४. समर्थन म्हणून नव्हे, माहितीसाठी लिहिते. भूकंपाच्या साली मी पाच वर्षांची होते. वडील शाळा तपासणीसाठी किल्लारीच्या बाजूला गेलेले. दोन दिवस त्यांची खबर नव्हती आणि आई दारातून हलली नाही. ते धुळीने माखलेले परत आले, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "कळवता नाही आलं का?" तेव्हापासून आमच्या घरातून बाहेर पडलेल्याने पोहोचल्याचे कळवायचेच. ही सवय मी सासरी आणली आणि तिथून गुरुपादप्पांच्या व्हॅनमध्ये नेली.

५. गेल्या रविवारी त्यांच्या पत्नी शांतम्मा घरी आल्या. तो कागद काचेवरून सोडवून, नीट घडी करून आणला होता. "घ्या ताई, तुमचा हाय. साहेबांनी इचारलं कुणाचा फोन व्हता, तर ह्यांनी नाव सांगितलं न्हाई. म्हणले, आई हाय, भ्याली असंल." मी बसा म्हणाले. त्या बसल्या नाहीत. व्हॅन अपघातापासून त्यांच्या दारात उभी आहे, हेही मी विचारल्यावरच कळले.

६. सध्या मनस्विनीला मी स्कूटीवरून सोडते. यजमान नांदेडला नोकरीस असतात. मंगळवारी बरोबर साडेपाचला त्यांचा फोन आला, "पोहोचलात का?" आणि चालत्या गाडीवर, हेल्मेटमध्ये फोन खोचून मी उत्तर देत होते. मागून मुलगी म्हणाली, "मम्मी, तो अप्पांचा कागद आता आपल्या गाडीला चिकटव." गाडी कडेला घेतली. पुढे बराच वेळ निघवेना.

तरी विनंती की,

(अ) फोन उचलल्याबद्दल गुरुपादप्पांना जी शिक्षा नियमात असेल ती व्हावी, परंतु तो उचलायला कोणी लावला हे पाहून.

(ब) नोटीस आम्हा अकरा जणींनाही काढावी व पहिली माझ्या नावे असावी. वर्षाराणीला शेवटची काढावी किंवा काढू नये.

(क) मुलांची गाडी चालू असताना चालकास फोन करण्यास पालकांना मनाई असावी, आई असली तरी.

(ड) अशी मनाई होईपर्यंत माझा फोन रोज ५.१० ते ५.५० आपल्या कार्यालयात जमा करून घ्यावा. आवक खिडकीवरील बाईंना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, असा रकाना नाही आमच्याकडं." तो काढता आल्यास पाहावा. मुलगी पुन्हा व्हॅनने जाऊ लागली की त्या चाळीस मिनिटांत मला भीती वाटेल. ती माझी मी सोसेन. ती गाडी चालवणाऱ्याच्या कानात ओतण्याचा मला अधिकार नव्हता.

सुनावणीस मी हजर राहीन आणि हेच गुरुपादप्पांसमोर बोलेन.

आपली, या वेळी खरे लिहिणारी,
(सही)
सौ. मालविका यज्ञेश मुरुडकर
लातूर, दि. ३० ऑगस्ट २०१९

सोबत :
१) व्हॅनच्या काचेवरील मूळ कागद, माझ्या अक्षरातील, अकरा सह्यांसह.
२) दि. १४ ऑगस्टच्या ५.३१ च्या कॉलची माझ्या फोनवरील नोंद, छायाप्रत.
३) मागील अर्जाची प्रत, 'अनोळखी' हा शब्द लाल शाईने अधोरेखित करून.

ता. क. : माझा फोन नंबर मागील अर्जावर आहे. सायंकाळी ५.१० ते ५.५० दरम्यान कार्यालयानेही तो लावू नये. मी गाडीवर असेन. उचलणार नाही.