तण की तन

अण्णा, तुमची मोहरी मरायला हवी होती आणि ती मेली नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही सरकारी बीजफार्मवर होतात तेव्हाची मी, तुमची धाकटी, माधवगंजातल्या हिंदी शाळेत जाणारी. संस्थान विलीन झालं, फाटकावर मध्यभारताची पाटी लागली, मग तीही उतरली आणि साहेब लोक भोपाळला निघाले. तुम्ही मात्र वाफ्यात वाकून रानमोहरी उपटताय. "बाकी सगळं मिसळू दे, माझं बियाणं मिसळता कामा नये!" मी मदतीला धावते, ओरडते, "अण्णा, इथे पण तन आहे!" झालं, तुमचा पारा चढतो. "जीभ शाळेत ठेवून आलीस का? ण म्हण, ण! तन म्हणजे देह. तण म्हणजे उपटून फेकायचं ते." मजुरांदेखत घोकून घेतलंत. मेला तो ण, रडूच फुटलं मला.

ते बियाणं मी अजून दरसाल पेरते, मुरैन्याच्या रस्त्यावरच्या आपल्या तुकड्यात. शेजाऱ्याने मागे कुठूनसं नवं बियाणं आणलं, प्रयोगशाळेत बाहेरचा गुण घातलेलं. तणनाशक मारलं की तण मरतं, त्याची मोहरी मरत नाही. मधमाश्यांना बांध कुठला कळतोय, त्याच्या फुलांतला पराग आपल्या फुलांवर! यंदा सुनेने आपल्या बांधावर तेच औषध मारलं. गवत जळून तांबूस झालं, आणि मधोमध रानमोहरी ताठ, फुललेली. "आई, मी स्वतः मारलंय. ये मर क्यों नहीं रही?" वारा पडला होता, तरी फुलं हलत होती. मधमाश्या होत्या. मग मी आपल्या मोहरीकडे पाहिलं. कडेच्या ओळींवर फवारा उडाला होता, पांढरे डाग वाळले होते, आणि पानं हिरवीगार. सून खूश: "चला, बच गई!" वाचली ती तुमची नव्हतीच, अण्णा. तोंडवळा तेवढा तुमचा.

तुम्ही असता तर तिथल्या तिथे सगळं उपटायला लावलं असतंत. पण तुम्ही बरणीत राखलेलं जुनं बी आता उगवत नाही. हे गेलं की तुमचं काहीच उरत नाही. तरी पदर खोचून वाकले, बुंधा मुठीत धरला. थंडगार होता. म्हटलं, तण आहे, ओढ. तोंडातून निघालं ते 'तन'. आणि दटावायला तुम्ही नाही.

मूठ सोडली मी. हे पत्र टाकणार तरी कुठे म्हणा. शेंगा भरत आल्यात, आणि बरणी मी धुऊन उन्हात ठेवली आहे.